कोंद्रातिखाचं अर्धं मोहोळ

खादोरा जिवंत माणसांपैकी कुणालाच फारसा मान देत नसे, आणि गेलेल्यांपैकी फक्त एकाला. तो तिचा नवरा कोंद्रात. त्रेचाळीस सालच्या वसंतात, उबोर्त नदीपलीकडच्या रानात तो लढाईत गेला. मागे ठेवून गेला वीस पोकळ ओंडके, उंच पाइनच्या झाडांवर दोरांनी बांधलेले, आणि प्रत्येक ओंडक्यात मधमाश्यांचं एकेक कुटुंब. मूल नव्हतं. घर म्हणजे त्या माश्याच. कोंद्रातची बायको म्हणून गाव तिला कोंद्रातिखा म्हणे, आणि ती ओ देई ती याच नावाला. खादोरा अशी हाक मारणाऱ्याकडे ती अशी बघायची की त्याला वाटावं, आपण चुकून तिच्या माजघरात शिरलो.

गावात एका माणसाचं नाव ती घेत नव्हती. त्याला ती 'करवत्या' म्हणायची.

करवत्या म्हणजे अनीसिम. पन्नास साली तो सामूहिक शेतावर मुकादम होता. वरून हुकूम आला की रानातल्या माश्या झाडांवर नकोत, शेतावर पेट्यांमध्ये हव्यात. दुसरा एखादा मुकादम हिवाळा संपेपर्यंत थांबला असता. अनीसिमने ऑक्टोबरातच करवत काढली. मोजणीत सापडलेले एकोणीसच्या एकोणीस ओंडके खाली आले, खडबडीत रस्त्यावरून बैलगाडीतून शेतावर गेले, आणि मार्चमध्ये पेट्या उघडल्या तेव्हा आत काळी पूड होती. मग सभागृहात बैठक झाली. अनीसिमने उभं राहून अहवाल वाचला: एकोणीस कुटुंबं मेली.

आता, आमच्याकडे मधमाशी मरत नाही. डुक्कर मरतं, कोंबडी मरते. माणूस वारतो आणि मधमाशी वारते. हे पाच वर्षांच्या पोरालाही कुणी शिकवावं लागत नाही. सभागृहात त्या शब्दानंतर चुलीतलं लाकूड तडकलेलं सगळ्यांना ऐकू आलं. कोंद्रातिखा उठली, बाकावरचा रुमाल उचलला आणि बाहेर पडली. त्या दिवसापासून तेवीस वर्षं तिने त्याचं नाव तोंडात घेतलं नाही. मात्र त्याच्याबद्दल बोलायची ती रोज. दुकानात, विहिरीवर, चर्चच्या पायऱ्यांवर, आणि ऐकायला कुणीच नसेल तर गोठ्यातल्या डुकरापाशी.

करवतीच्या तडाख्यातून एकच ओंडका वाचला होता. विसाव्या क्रमांकाचा, दलदलीपलीकडच्या एका पाइनवरचा. त्याच्यावर तिने स्वतः शेवाळाची झूल पांघरवली होती, म्हणून तो मोजणीत आला नव्हता. कोंद्रातच्या माश्या त्या एका ओंडक्यातून पुढे चालल्या. त्याचे दोन झाले, दोनाचे चार. मग दोन कडक हिवाळे आले आणि पुन्हा एकच उरला.

चौऱ्याहत्तर सालच्या जूनमध्ये, भर दुपारी, त्या शेवटच्या ओंडक्यातून थवा उठला. जुनी आई, म्हणजे राणीमाशी, निम्मं घर घेऊन निघते आणि मागच्यांसाठी नवी आई ठेवून जाते. तसंच व्हायचं होतं. पण थवा तिच्या रिकाम्या ओंडक्याकडे वळलाच नाही. एकाहत्तर वर्षांची बाई घागरा कमरेला खोचून, थवा खाली बसावा म्हणून हातातली परात बडवत दलदलीतून त्याच्यामागे धावली. थवा उतरला तो एका जुन्या पाइनवर, आणि त्या पाइनच्या सालीवर कुऱ्हाडीची खूण होती: दोन तिरक्या रेघा, मधे एक आडवी. प्रत्येक घराची खूण वेगळी. ही करवत्याची होती.

म्हातारपणी, पेन्शनवर गेल्यावर, अनीसिमला झाडावर ओंडका बांधायची हुक्की आली होती. गाव हसलं होतं. तो ओंडका तीन वर्षं रिकामाच लटकत होता. आता त्यात कोंद्रातच्या माश्या होत्या.

जुलैत तिच्या ओंडक्यातली नवी आई उडायला म्हणून बाहेर गेली ती परत आलीच नाही. पाखराने गिळली असेल. मागच्या माश्या दिवसेंदिवस विझत गेल्या. कोंद्रातिखा झाडाच्या बुंध्याला कान लावून उभी राहायची. एक दिवस तिने कान काढला आणि घरी गेली. म्हणजे कोंद्रातचं जे काही या जगात उरलं होतं, ते सगळं करवत्याच्या झाडावर होतं.

दुसरा कुठला प्रांत असता तर तिने भांडून आणलं असतं, विकत घेतलं असतं, कोर्टात गेली असती. आमच्याकडे मधमाशी विकत नाहीत, मागतही नाहीत. तुझा थवा माझ्या ओंडक्यात आला, की मी पाव घेऊन तुझ्या दारात यायचं आणि तुला 'स्याबर' म्हणायचं. तू तो पाव खायचा आणि मला तेच म्हणायचं. झालं. तेव्हापासून मध अर्धा-अर्धा, पुढचा थवा तुझा, त्यानंतरचा माझा. लग्नाला, मयताला चुलत भावाआधी स्याबराला बोलावणं. आणि स्याबर स्याबराला शिवी देत नाही, त्याच्याबद्दल वाईट बोलत नाही, दुसरा बोलला तर ऐकत नाही. भांडणाऱ्यांपाशी माश्या राहत नाहीत, असं सगळे मानतात. हे सगळं ऑगस्टमधल्या मधाच्या सणाआधी व्हायला हवं. नाही झालं तर ज्याच्यामुळे अडलं, त्याचा त्या माश्यांवर हक्क नाही.

सहा आठवडे झाले. अनीसिम आला नाही.

गाव बघत होतं. विहिरीवर पैजा लागल्या होत्या. काहींचं म्हणणं, म्हातारा येणार नाही, सगळाच मध खाईल. काहींचं म्हणणं, तो आला तरी ती पाव त्याच्या तोंडावर मारेल. ती स्वतः म्हणायची, "अस्वलाने मध सोडल्याचं कुणी ऐकलंय?"

याच सुमाराला मिन्स्कहून याद्विगा आली. तिशीची, चष्मा घातलेली, हातात बुटाचं खोकं. खोक्यात बूट नव्हते, कागदाच्या चिठ्ठ्या होत्या. गावोगाव हिंडून ती मधमाशीचे शब्द गोळा करायची आणि कोणता शब्द कुठून आला ते शोधायची. ग्रामपंचायतीने तिची सोय कोंद्रातिखाच्या घरी केली, कारण तिच्याकडे एक खोली रिकामी होती आणि ढेकूण नव्हते.

पहिल्या दिवशी कोंद्रातिखाने तिला विचारलं की हे काम करायला सरकार पगार देतं का. देतं म्हटल्यावर तिने मान हलवली. मग खोक्याकडे बघून म्हणाली, शब्द असे बुटाच्या खोक्यात घालून नेणार, तिकडे काय ते अंडी घालणार आहेत?

याद्विगा रागावली नाही. रागावली असती तर कदाचित लवकर सुटली असती. ती पोळ्याचे भाग विचारी, ओंडक्याच्या झाकणाला काय म्हणता, दोराला काय म्हणता, आणि चिठ्ठ्यांवर लिहून घेई. बदल्यात स्वतःच्या पोतडीतलं काही सांगे. एकदा बटाटे सोलताना तिने सांगितलं की काही पंडितांच्या मते माशीला आपण प्चला म्हणतो ते तिच्या गुणगुणण्यावरून, आणि बैलाचं नाव त्याच्या हंबरण्यावरून, म्हणजे दोन्ही नावं एकाच मुळाची.

"बैल आणि माशी एका आईची?" कोंद्रातिखा म्हणाली. "मग उद्या सकाळी माशीला औताला जुंप, बघू."

याद्विगा म्हणाली, थव्याचं नाव आणि नदीचं नाव, दोन्ही वाहण्यावरून आलेली असावीत. हे कोंद्रातिखाला पटलं. दलदलीतून धावताना तिने थव्याचं ते वाहणं डोळ्यांनी पाहिलं होतं. मग याद्विगा म्हणाली, मधाला आपण म्योद म्हणतो आणि तिकडे हिंदुस्तानात जवळजवळ तोच शब्द आहे, मधु.

"तिकडे अस्वलं आहेत?"

"आहेत."

"मग बरोबर. जिथे खाणारा, तिथे नाव."

तेव्हा याद्विगाने अस्वलाची गोष्ट सांगितली. आपण त्याला मेद्वेद म्हणतो, म्हणजे मध खाणारा. ते त्याचं नाव नव्हे. खरं नाव घेतलं की तो येतो या भीतीने लोकांनी ते घ्यायचं सोडलं, नुसत्या कामावरून हाक मारू लागले. इतकी शतकं, की खरं नाव काय होतं ते आता कुणालाच माहीत नाही. पुसलं गेलं.

कोंद्रातिखाने सुरी थांबवली. त्या पोरीकडे तिने पहिल्यांदा नीट पाहिलं असावं.

"पुसलं गेलं," ती म्हणाली. "चांगलं केलं. आणखी शंभर वर्षं द्या, त्या करवत्याचंही पुसून दाखवते."

याद्विगाला करवत्या कोण ते माहीत नव्हतं. ते तिला कुणी सांगितलं नाही, आणि तिथेच घोळ झाला. गावात मधमाशीचे शब्द कुणाला येतात असं तिने दुकानात विचारलं, तर मानेफा दुकानदारणीने दोन नावं दिली: कोंद्रातिखा, आणि अनीसिम.

त्या रविवारी सकाळी न्याहारीला बसल्यावर याद्विगाने नव्या चिठ्ठ्या तपासायला काढल्या. मावशी, हे शब्द तुमच्याकडेही असेच म्हणतात का, एवढंच सांगा. कोंद्रातिखा दही खात होती. पाचसहा चिठ्ठ्या झाल्या. काहींना ती हो म्हणाली, एकीला म्हणाली, असं फक्त नदीपलीकडचे बावळट बोलतात. मग याद्विगाने पुढची वाचली.

"स्याबर. ज्याचा थवा माझ्या ओंडक्यात उतरला, तो माणूस. मूळ अर्थ वाटेकरी, तिथून शहरात नुसता मित्र झाला. उदाहरण: कोंद्रातिखा माझी स्याबर आहे, पण तिला मी अजून सांगितलेलं नाही. सांगणारा अनीसिम, वय अडुसष्ट."

वाचताना तिला कळलं, पण वाक्य संपलं होतं.

कोंद्रातिखाने चमचा वाटीत ठेवला. "पुन्हा वाच."

याद्विगाने पुन्हा वाचलं, हळू.

"ही शाई पुसते?"

"नाही, मावशी."

"म्हणजे तिसऱ्याच्या कानावर गेलं."

याद्विगाला याचा अर्थ लागला नाही. आम्हाला लागतो. स्याबर हा शब्द तिसऱ्यासमोर उच्चारला की तो मागे घेता येत नाही. करवत्याने आपल्या बाजूचं पाऊल टाकलं होतं, भले चोरून, भले एका परक्या पोरीच्या खोक्यात. आता अडवणारी राहिली फक्त कोंद्रातिखा. सणाला सतरा दिवस होते. तिने खुंटीवरचा रुमाल घेतला, डोक्याला आवळून बांधला आणि निघाली. याद्विगा मागे धावली. तिला कुणी ये म्हटलं नाही की जा म्हटलं नाही.

अनीसिम अंगणात आडव्या पात्याच्या वाकशीने नवा ओंडका पोखरत होता. बायको दोन वर्षांपूर्वी वारली होती, मुलगी गोमेल शहरात, त्यामुळे अंगणात तो आणि कोंबड्या. कोंद्रातिखा कुंपणापाशी थांबली. आत गेली नाही.

"कागदाला सांगितलंस," ती म्हणाली.

त्याने वाकस खाली ठेवली. "ती पोरगी म्हणाली, उदाहरण द्या."

"दुनियेत दुसरं उदाहरण सापडलं नाही?"

"खरं होतं ते आठवलं."

"आणि सहा आठवडे हे खरं कुठे चरायला गेलं होतं?"

अनीसिम म्हणाला की तो दोनदा आला होता. काखेत पाव घेऊन. पहिल्यांदा तिने धुण्याचं पाणी भसकन अंगावर ओतलं.

"तू मधे आलास."

"दुसऱ्यांदा तू डुकराला माझ्याबद्दल सांगत होतीस. मी कुंपणाशी उभा राहून ऐकलं सगळं. बरंच होतं. मग परत फिरलो."

"त्याला आवडतं ऐकायला."

आजूबाजूच्या दोनतीन अंगणांतली कामं आपोआप थांबली होती. अनीसिमने ते पाहिलं आणि आवाज खाली आणला. तो म्हणाला, कोंद्रातिखा, मला मध नको. तुला तो शब्द जड जातो, मला कळतं. सगळंच घेऊन जा. ओंडका उतरवून देतो.

"उतरवून," ती म्हणाली.

"दोराने. हळूच."

"तुझ्या हातांनी उतरवलेलं एकही वाचलं नाही. आणि पाव न खाता, शब्द न देता उचलून न्यायच्या म्हणजे काय, चोरून? की भीक म्हणून?"

ती कुंपणाच्या खांबाला धरून उभी होती. मग तिने विचारलं, आणि आवाज असा होता की शेजारच्या अंगणातली बाई बादली हातात तशीच धरून राहिली.

"एक सांग. सभागृहात तू वाचलंस, मेली म्हणून. तो शब्द वरून आला होता की तुझा होता?"

तेवीस वर्षं हे तिने कुणालाही विचारलं नव्हतं. त्याला खोटं बोलणं सोपं होतं. वरून आला होता म्हटलं असतं तर कुणी तपासायला जाणार नव्हतं.

"माझा," अनीसिम म्हणाला. "वरून नुसता आकडा मागितला होता."

"का?"

"वारली असं लिहिलं तर विचारतात, का वारली, कुणामुळे वारली. मेलेल्याबद्दल कुणी विचारत नाही."

"म्हणजे तुला ठाऊक होतं."

"ठाऊक होतं. ऑक्टोबरात हलवलं तर राहणार नाहीत हेही ठाऊक होतं. मला ते काम हिवाळ्याआधी कागदावर दाखवायचं होतं."

इतकी वर्षं ती त्याला अडाणी म्हणत आली होती. अडाण्याला शिव्या देता येतात. आता समोर उभा होता तो अडाणी नव्हता, आणि त्याच्यासाठी तिच्याकडे तयार शिवी नव्हती. ती वळून गेली असती तर गावाने तिला दोष दिला नसता. याद्विगाने नंतर सांगितलं की म्हातारी खरंच वळली होती, अर्धं पाऊल. मग तिने दलदलीच्या दिशेला पाहिलं. दोन तिरक्या रेघांचा तो पाइन तिथून दिसत नाही, पण तिने पाहिलं.

"पाव आण," ती म्हणाली.

तो आत गेला, राय धान्याचा काळा पाव आणला, कुंपणावरून पुढे केला. तिने एक तुकडा तोडला, उभ्यानेच चावला. चावत राहिली. एवढा वेळ की शेजारणीला वाटलं आता थुंकते.

"कडू आहे."

"रायचा आहे."

"तरी कडू आहे." तिने गिळला. "स्याबर."

"स्याबर," अनीसिम म्हणाला.

ती घरी गेली. पैजा लावणारे दोन्हीकडचे हरले होते, पण ते बोलून दाखवायची कुणाची हिंमत झाली नाही.

यानंतर जे झालं ते गावाला जड गेलं. मानेफाने नेहमीसारखं सुरू केलं, करवत्याने म्हणे पंचायतीच्या गवताचा भारा लांबवला, आणि कोंद्रातिखाकडे बघितलं, आता हिचा नंबर. कोंद्रातिखा मिठाची पिशवी धरून उभी होती. ती म्हणाली, "माझ्या स्याबराबद्दल माझ्यासमोर बोलू नकोस," आणि जोडीला मानेफाला सांगितलं की तुझा तराजू वाकडा आहे, तो बघ. दुकानात कुणी हसलं नाही. त्या संध्याकाळी याद्विगाने पाहिलं, म्हातारीने डुकराला खायला घातलं, थोडा वेळ त्याच्यासमोर उभी राहिली, आणि एक शब्द न बोलता आत आली. बादली मात्र तिने इतक्या जोरात आपटली की कडी निघाली.

त्याला तिने माफ केलं का, असं याद्विगाने एकदा विचारलं. पोरी, कोंद्रातिखा म्हणाली, असा शब्द तुझ्या खोक्यात असेल तर तो दुसऱ्या गावाहून आणलेला असेल.

सणाच्या आदल्या सकाळी ते दोघे पाइनपाशी भेटले. आपापल्या वाटेने आले. अनीसिम दोरावरून वर चढला, अडुसष्टाव्या वर्षी, धापा टाकत. त्याने धूर दिला, फळी काढली, आणि पोळ्याचे तुकडे लाकडी बादलीतून खाली सोडले. ती खाली दोन मडकी घेऊन बसली होती. एक तुकडा याच्यात, एक त्याच्यात. एकदा त्याच्या मडक्यात बोटभर कमी पडलं, तर आपल्यातलं सुरीने कापून तिने तिकडे टाकलं. त्याचं बोटभरही तिला नको होतं.

त्याने वरून विचारलं, आणखी काढू का, अजून भरलंय.

"नको."

"दोघांना पुरेल एवढं आहे."

"हिवाळा आपल्याला काढायचा नाही, त्यांना काढायचा आहे. फळी लाव आणि उतर."

तो उतरला. झाड त्याचं होतं, ओंडका त्याचा होता, खूण त्याची होती. तरी तो उतरला. खाली आल्यावर दोराने सोललेले तळहात त्याने पँटला पुसले आणि म्हणाला की आई जोरात आहे, पोळं भरगच्च आहे, मेमध्ये नक्की थवा देतील.

"तो माझा," ती म्हणाली.

"तुझाच."

ऑक्टोबरात या झाडाच्या आसपास तो दिसता कामा नये, असं काहीतरी तिच्या जिभेवर आलं होतं. ते दिसत होतं. स्याबराला असं बोलता येत नाही. तिने मडक्याला कापड बांधलं आणि दलदलीकडे चालू लागली. आपल्या रिकाम्या ओंडक्याला सणाआधी आतून मेण चोळून ठेवायचं होतं. वासावर येतात त्या.